चौदाव्या कलमाची मोहीम, ऊर्फ दलदल कशी फत्ते जाहली

ज्यांचे घरी जेवणाचे टेबल एकच आणि मर्दुमकी उदंड, त्यांचे माहितीस असावे म्हणोन ही हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे न घालता आणि घडले ते न गाळता, लिहिली असे. वाचणारांनी हात पुसून वाचावे. हात पुसण्याचे कारण पुढे मजकुरात येईल.

तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या दौलतीत शुद्धलेखनधुरंधर, अनुस्वारप्रतिपालक, ऱ्हस्वदीर्घविवेकी श्रीमंत दाजीसाहेब राज्य करीत होते. त्यांणी एकेचाळीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधनाची चाकरी केली, आणि त्या मुदतीत लग्नपत्रिकांपासून रसायनशास्त्राच्या ग्रंथांपर्यंत जे जे कागद त्यांचे नजरेखालून गेले, त्यांत एकही चूक शिल्लक राहिली नाही, ऐसा त्यांचा दावा होता, आणि तो दावा ते चहाबरोबर सकाळी एकदा व जेवणानंतर एकदा मांडीत. मग गेल्या साली चाकरी संपली आणि छापखान्यातून कागद येणे बंद जाहले. तेव्हापासून दाजीसाहेब औषधाच्या खोक्यांतील घडीचे कागद उलगडून, त्यांतील चुका तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून, पुन्हा घडी घालून खोक्यात ठेवीत. ते कागद पुन्हा कोणी उघडीत नसे, ही गोष्ट वेगळी.

त्यांचे धाकटे मेहुणे, म्हणजे राणीसाहेबांचे सख्खे बंधू, लिफ्टदुरुस्तीचे कामी मशहूर असल्याकारणे त्यांस या हकीकतीत लिफ्टबहाद्दर म्हटले आहे. वय चव्वेचाळीस, खांदे रुंद, जबान मवाळ, नखांत ग्रीस कायमचे. अडकलेल्या लिफ्टीतून त्यांणी आजवर कित्येक भयभीत जीव सुखरूप काढले होते. परंतु स्वतःची फौज दाजीसाहेबांचे तावडीतून त्यांस एकदाही सोडविता आली नव्हती. दर रविवारी तिसरे प्रहरी दोघे समोरासमोर बसत, आणि टेबलावर अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे शिपाई मांडीत, आणि मेजरटेप लावून त्यांस चालवीत, आणि फासे टाकून त्यांस मारीत. ऐशा एकोणीस लढाया जाहल्या आणि एकोणीसही दाजीसाहेबांनी मारल्या. लिफ्टबहाद्दर हसून घरी जात. पण जिना उतरताना दुसऱ्या मजल्यापाशी ते हसू गळे, हे त्यांचे त्यांस ठाऊक.

या दोघांमध्ये न्यायासनावर त्याच राणीसाहेब, ज्यांस बंधू ताईसाहेब म्हणत. त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजीत, म्हणोन फासे मोजण्याचे कामी त्यांचा शब्द अखेरचा मानिला जाई. त्यांचे एकच फर्मान होते, की सात वाजता टेबल मोकळे पाहिजे. या फर्मानापुढे दोन्ही सरकारे थरथर कापत.

विसाव्या लढाईचे कारण ऐसे जाहले की, लिफ्टबहाद्दरांनी विचार केला, सपाट मुलुखात आपली डाळ शिजत नाही, तर मुलुखच बदलावा. मग त्यांणी प्लायवुडचा तुकडा आणिला, आणि खिडकीच्या काचेस लावितात ती लांबी त्यावर थापिली, आणि जुन्या पायपुसण्याचे केस उपटून त्यांची लव्हाळी रोविली, आणि हिरवा व तपकिरी रंग कालवून वर वार्निशाचा हात दिला. तीन रात्री वाळल्यावर ऐसी अस्सल दलदल तयार जाहली की, पाहताच पाय मागे घ्यावा. दलदलीपलीकडे आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधिला. मसलत ऐसी की, दाजीसाहेबांचे शिपाई दलदलीत पाऊल घालतील आणि बुडतील, आणि आपले वीस घोडेस्वार बाजूने पुलावर जातील. दहा डावांचे आत पुलावर एक जरी स्वार पोचला तरी फत्ते, ऐसा करार ठरला.

रविवारी फौजा उतरल्या. तो दाजीसाहेबांनी चष्मा कपाळावर चढविला, आणि आपले बारा बंदूकवाले उचलिले, आणि एकेक करून खुद्द दलदलीच्या मध्यभागी, लव्हाळ्याचे आडोशास, आरामात बसविले. लिफ्टबहाद्दरांस वाटले, म्हातारपणी बुद्धी फिरली. मग ते आनंद लपवून बोलिले, "दाजी, बारा फासे टाका. दलदल आहे."

"का म्हणून टाकू?" दाजीसाहेब म्हणाले. "चौदावं कलम वाच."

युद्धनियमांचे पुस्तक शेहेचाळीस पानांचे, दाजीसाहेबांच्याच छापखान्यात छापिलेले. कर्ते एक चित्रकलेचे शिक्षक, जे आता हयात नाहीत. शेवटल्या पानावर बारीक अक्षरात मुद्रितशोधक म्हणोन दाजीसाहेबांचे नाव. चौदावे कलम लिफ्टबहाद्दरांनी मोठ्याने वाचिले, ते येणेप्रमाणे: दलदलीत शिरणाऱ्या प्रत्येक शिपायामागे दर डावास एक फासा टाकावा. एक पडल्यास शिपाई बुडाला असे समजावे.

"शिरणाऱ्या," दाजीसाहेबांनी शब्दावर बोट आपटिले. "माझे शिपाई शिरले कधी? मांडणीच्या वेळीच बसवलेत मी त्यांना. जन्मच तिथला त्यांचा."

"अहो, पण चिखलात बसलेला माणूस बुडतोच की!"

"कलमात लिहिलंय का तसं? मग झालं तर."

जाबसाल अर्धा तास चालिला. ताईसाहेबांनी पुस्तक मागविले, कलम दोनदा वाचिले आणि निवाडा दिला की, जे लिहिले आहे तेच लिहिले आहे. मग लढाई सुरू जाहली. लव्हाळ्याआडून बंदुकांनी ऐसी सरबत्ती केली की, पाच डावांत वीस घोडेस्वारांपैकी तेरा गारद होऊन चहाच्या बशीत पडले. बाजूने जावे तर गोळी, समोरून जावे तर शिरणारे ते आपणच, म्हणोन फासे आपल्याच माथी. स्वतः थापलेली दलदल, स्वतः उपटलेले पायपुसणे, आणि त्यात शत्रू ऐसा सुखाने बसला की, जणू त्याचेसाठीच किल्ला बांधून दिला. लिफ्टबहाद्दरांचे कान लाल जाहले.

तो सात वाजले. ताईसाहेब हातात ताटे घेऊन उभ्या राहिल्या. मग तहकुबीचा करार होऊन प्लायवुड जैसेच्या तैसे चार हातांनी उचलून कपाटावर चढविले, आणि लिफ्टबहाद्दरांनी पाणसळ लावून बुडबुडा मध्ये आणिला, की कोणाचा शिपाई रातोरात घसरू नये. आणि निघतेसमयी पुस्तक अभ्यासास मागून घेतले. दाजीसाहेबांनी ते मोठ्या दिलाने दिले. म्हणाले, "शोध, शोध. काही सापडलं तर सांग."

मग सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये रुसली तिची समजूत काढण्यात गेला. गुरुवारी दुपारी एका सातमजली इमारतीत दोर तपासण्याचे काम होते. लिफ्टबहाद्दर केबिनच्या छतावर मांडी घालून बसले, डबा उघडिला, कपाळावरचा दिवा लाविला आणि डाव्या हाताने पुस्तक चाळू लागले. चाळता चाळता एकतिसावे पान आले. तेथे सरावासाठी उदाहरणे होती, जी आजवर कोणी वाचिली नव्हती. तिसरे उदाहरण ऐसे: दहा बंदूकवाले दलदलीत दोन डाव तळ देऊन राहिले आणि एकही बुडाला नाही, तर एकंदर किती फासे टाकावे लागले? उत्तर: वीस.

लिफ्टबहाद्दरांचा घास हातीच राहिला. त्यांणी पुन्हा वाचिले. तळ देऊन राहिले, म्हणजे शिरले नव्हे, थांबले. आणि वीस फासे! मग चौदाव्या कलमात थांबणाऱ्यांचा उल्लेख कोठे गेला? कर्त्याने लिहिला होता खास, नाहीतर उदाहरण कशास देतील? तो छापताना गळाला. आणि छापताना गळालेले पकडणे हे काम कोणाचे?

मग पहिला क्षण आनंदाचा गेला. एकोणीस पराभवांचे ओझे एका पानाने उतरले, ऐसे वाटून त्यांणी अंधाऱ्या शाफ्टात एकटेच "फत्ते!" म्हणोन आरोळी दिली, ती सातव्या मजल्यापर्यंत घुमली आणि वरून कोणी विचारले, "चालू झाली का?" परंतु दुसरे क्षणी त्यांस शेवटचे पान आठवले, आणि त्यावरचे बारीक अक्षरातले नाव. हे पान दाजींपुढे ठेवणे म्हणजे एकेचाळीस वर्षांच्या किल्ल्यास सुरुंग लावणे. कलम जिंकावे तर माणूस पडतो. भूक गेली आणि डबा बंद केला.

सायंकाळी त्यांणी ताईसाहेबांस फोन लाविला आणि सर्व हकीकत निवेदन केली. ताईसाहेब प्रयोगशाळेत होत्या, मागे यंत्र घरघरत होते. 

"नको रे सांगूस," त्या म्हणाल्या. "घरी बसल्यापासून त्यांच्याकडे ही एवढी एकच गोष्ट उरलीय. 'एकही चूक नाही.' ती पण काढून घेतलीस तर मग औषधाचे कागदसुद्धा तपासायचे नाहीत ते."

"म्हणजे मी हरायचं?"

"एकोणीस वेळा हरलास ना? वीस."

हुकूम शिरोधार्य मानून लिफ्टबहाद्दर रविवारी हजर जाहले. पुस्तक परत केले. प्लायवुड कपाटावरून उतरविले. बारा बंदूकवाले दलदलीत तैसेच ठाण मांडून होते, आठवडाभराची धूळ तेवढी खांद्यावर. दाजीसाहेबांनी सकाळीच दाढी केली होती आणि जाबसालाची तयारी म्हणोन शब्दकोश जवळ घेऊन बसले होते.

"हं, मांड तुझी बाजू," ते म्हणाले. "काय सापडलं?"

"काही नाही, दाजी. तुमचंच बरोबर. बसलेले ते शिरलेले नाहीत."

ऐसे म्हणोन लिफ्टबहाद्दरांनी घोडेस्वारास हात घातला. येथेच घात जाहला. कारण हा मनुष्य आजवर हरला होता खरा, पण वादात एकदाही मान तुकविली नव्हती. प्रत्येक कलमावर, प्रत्येक बोटभर अंतरावर त्याने शर्थीने हुज्जत घातली होती. दाजीसाहेबांनी चष्मा नाकावर उतरविला. मग मेहुण्यांचे तोंड पाहिले, मग राणीसाहेबांचे तोंड पाहिले, ज्या त्या समयी पंख्याकडे पाहत होत्या. मग पुस्तक उचलिले. सावकाश पाने उलटली. एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यावर काळ्या ग्रीसचा एक अंगठा ऐसा स्वच्छ उमटला होता की, दस्तऐवजावर शिक्का उमटावा.

दाजीसाहेबांनी ते पान वाचिले. एकदा वाचिले. त्यांस दोनदा वाचण्याची गरज कधीच पडत नसे. मग पुस्तक मिटून, खुर्ची मागे सारून ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतले.

बाहेर दोघे भाऊबहीण एकमेकांकडे पाहत राहिली. ताईसाहेब पुटपुटल्या, "हात धुवून वाचायला काय झालं होतं तुला?" लिफ्टबहाद्दरांनी आपले अंगठे पाहिले. आत खण उघडल्याचा आवाज आला, मग कर्र कर्र ऐसा आवाज आला.  उठून दार ठोठवावे, की जिना उतरून पळ काढावा, याचा निर्णय होईना.

तो दार उघडले आणि दाजीसाहेब बाहेर आले. हाती तांबडी पेन्सिल होती, नुकते टोक केलेली.

"चौदावं कलम काढ," ते म्हणाले.

लिफ्टबहाद्दरांनी पान काढिले. दाजीसाहेबांनी शिरणाऱ्या या शब्दापुढे काकपदाची, म्हणजे गळालेला शब्द घालण्याची, खूण केली आणि समासात मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: वा थांबणाऱ्या.

"हस्तलिखित आठवतंय मला," ते बोलिले. "निळी शाई. 'शिरणाऱ्या वा थांबणाऱ्या.' एका णाऱ्यावरून नजर उचलली ती दुसऱ्या णाऱ्यावर पडली. मधलं गेलं. नवशिक्याची चूक." पेन्सिल खाली ठेविली. "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आणि गप्प बसलास."

"हो."

"का? मला झेपणार नाही असं वाटलं?"

या सवालावर मुत्सद्दी असता तर दहा जाब देता. लिफ्टबहाद्दर मुत्सद्दी नव्हते. ते म्हणाले, "हो, दाजी."

दाजीसाहेबांचा आवाज चढला. "लिफ्टचा दोर विरलेला दिसला तुला, तर मालकाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतोस का?"

"नाही. लिफ्ट बंद करतो मी."

"मग? माझी का चालू ठेवलीस?"

 लिफ्टबहाद्दरांचे एवढे मात्र ध्यानी आले की, समोरचा मनुष्य रागावला आहे, पडलेला नाही. आणि या दोन गोष्टींत फार अंतर असते. ताईसाहेबांनी पंख्यावरून नजर काढिली आणि म्हणाल्या, "मी सांगितलं होतं त्याला." दाजीसाहेबांनी त्यांजकडे पाहिले, आणि पाहता पाहता त्यांचा राग थोडा निवळला. "तुम्ही दोघं मिळून मला सांभाळताय होय!" ऐसे म्हणोन ते खुर्चीवर बसले आणि फासे पुढे ओढिले.

मग त्यांणी जे केले त्यास इतिहासात तोड नाही. दुरुस्त कलम आजपासून लागू धरावे, ऐसे मेहुण्यांनी विनविले, तरी ते मानीनात. म्हणाले, चूक छापली त्या दिवसापासून चूक आहे. मागील पाचही डावांचे फासे आत्ताच टाकीन. आणि टाकिले. पहिल्या डावाचे बारा, त्यांत दोन बुडाले. दुसऱ्याचे दहा, त्यांत दोन. तिसऱ्याचे आठ, त्यांत एक. चौथ्याचे सात, त्यांत एक. पाचव्याचे सहा, त्यांत कोणी नाही. ताईसाहेब एकेक फासा निरखून गणती सांगत, आणि दाजीसाहेब आपल्याच हातांनी आपले शिपाई उचलून बशीत ठेवीत. बारापैकी सहा उरले. मग त्यांस आणखी एक न्याय सुचला. जे बंदूकवाले दुसऱ्या डावात बुडाले, त्यांणी तिसऱ्या डावात मारलेले स्वार जिवंत धरावे लागतील.

"नको दाजी," लिफ्टबहाद्दर घाईने म्हणाले. "मेले ते मेले. नाहीतर सात वाजतील."

घड्याळात पावणेसहा जाहले होते. ताईसाहेबांनी मान डोलविली आणि मेलेले मेले, ऐसा तह मंजूर जाहला.

आता सहा बंदूकवाले आणि सात स्वार. आणि या रविवारी प्रथमच दोघांनी ऐसी हुज्जत घातली की, खालच्या मजल्यावरील बाईंनी छतास झाडू ठोकून इशारा दिला. सहाव्या डावात दाजींचा एक बुडाला, पण उरलेल्या पाचांनी दोन स्वार पाडिले. सातव्यात आणखी एक बुडाला, एक स्वार पडला. आठव्यात लिफ्टबहाद्दरांनी मनाचा हिय्या करून उरलेले चारही स्वार दलदलीत घातिले, आणि चार फासे टाकिले, आणि चारांतला एक बुडाला, आणि तिघे बंदूकवाल्यांवर जाऊन कोसळले. नवव्यात ऐसी हातघाई जाहली की, लव्हाळी वाकली आणि लांबीचा एक पोपडा उडाला. अखेर शत्रूचा एक शिपाई उरला आणि आपला एक स्वार. त्याचे भाल्याचे टोक पूर्वीच मोडलेले होते. तो दलदलीत पुलाच्या अलीकडे चार बोटांवर उभा राहिला.

दहावा डाव. थांबलेला स्वार, म्हणोन फासा. पुढे जाण्याचे आधी फासा पडणे आवश्यक. एक आला तर सर्व मातीस मिळाले. लिफ्टबहाद्दरांनी फासा मुठीत घेतला, आणि त्यांणी दाजीसाहेबांकडे पाहिले. दाजीसाहेब टेबलावर ओणवे होऊन, श्वास रोधून बसले होते, आणि सालभरात प्रथमच त्यांचे डोळे कागदाबाहेरच्या कशावर तरी इतके लागले होते.

"टाक ना," ते कुजबुजले.

फासा टाकिला. तो प्लायवुडवर गडगडत गेला, आणि पुलाच्या कठड्यास आपटून फिरला, आणि दोनावर थांबला.

स्वार पुलावर चढला. मेजरटेप लावून ताईसाहेबांनी खातरजमा केली, आणि सात वाजण्यास चार मिनिटे कमी असता फत्ते जाहीर केली. लिफ्टबहाद्दर खुर्चीवरून उठले, आणि काय करावे ते न सुचून पुन्हा बसले. दाजीसाहेबांनी टाळी दिली ती ऐसी की, पूल मोडला.

उपरांत विजयाची नोंद करणे आले. लढायांची वही दाजीसाहेबांकडे असे, आणि तीत एकोणीस नोंदी त्यांचेच हातच्या, त्यांचेच विजयाच्या होत्या. त्यांणी नवे पान काढून लिहिले की, विसाव्या लढाईत घोडेस्वारांनी दलदल ओलांडून पूल घेतला. विजयी, धाकटे मेहुणे. चौदाव्या कलमातील चूक मुद्रितशोधकाची. मग खाली सही न करिता वही टेबलावरून पलीकडे सरकविली आणि तीवर तांबडी पेन्सिल ठेविली.

"तपासून दे," ते म्हणाले.

एकेचाळीस वर्षांत त्यांणी आपले लिहिलेले कोणास तपासू दिले नव्हते. ताईसाहेब ताटे घेऊन आल्या होत्या त्या तेथेच थबकल्या. लिफ्टबहाद्दर मोरीत गेले, साबण लावून दोनदा हात धुतले, पुसले आणि येऊन वाचू लागले. एकदा वाचिले. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचिले. तिसऱ्यांदा घोडेस्वारानी या शब्दापाशी बोट थांबले. रा वर टिंब नव्हते.

ते चुकून राहिले की जाणून ठेविले, याचा शोध कोणास लागला नाही, आणि विचारण्याची हिंमत कोणी केली नाही. लिफ्टबहाद्दरांनी पेन्सिल उचलिली, जीभ दातांत धरिली, आणि रा च्या डोक्यावर एक तांबडे टिंब ठेविले, आणि वही परत दिली. दाजीसाहेबांनी ते टिंब चष्मा वर करून, चष्मा खाली करून, नीट पाहिले. मग खाली सही केली.